टाळलेले दोन आठवडे: ब्रिटन, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२०

२१ सप्टेंबर २०२०, सोमवार. ब्रिटन सरकारला आणीबाणीत वैज्ञानिक सल्ला देणाऱ्या ‘सेज’ या गटाची अठ्ठावन्नावी बैठक त्या दिवशी झाली. देशभरात त्या दिवशी कोविडचे ४,३६८ नवे रुग्ण नोंदले गेले होते आणि मृत्यू होते ११. वसंतातल्या पहिल्या लाटेचे आकडे पाहिलेल्या माणसाला हे किरकोळच वाटले असते. तरी बैठकीच्या इतिवृत्तात सरकारने लगेच विचारात घ्यावेत असे पाच उपाय नोंदलेले आहेत. पहिला ‘सर्किट ब्रेकर’, म्हणजे आधीपासून मुदत ठरवून केलेला थोड्या दिवसांचा लॉकडाऊन. दुसरा, ज्यांना शक्य आहे त्या सगळ्यांनी घरून काम करणं. तिसरा, एका घरातल्यांनी दुसऱ्यांच्या घरात जाणं बंद. चौथा, पब, रेस्टॉरंट, कॅफे, जिम आणि सलून बंद. पाचवा, विद्यापीठं आणि कॉलेजांचं शिकवणं ऑनलाइन. त्याच कागदावर आणखी एक वाक्य आहे: उपाय जितक्या लवकर होतील तितके मृत्यू कमी, आणि तितक्याच लवकर ते उठवताही येतील.

या पाचांतला एकच उपाय सरकारने उचलला, घरून कामाचा. मग ३१ ऑक्टोबरला, म्हणजे चाळीस दिवसांनी, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी इंग्लंडमध्ये चार आठवड्यांचा लॉकडाऊन जाहीर केला. हे प्रकरण त्या चाळीस दिवसांचं आहे.

मार्च २०२० बद्दल भरपूर लिहून झालंय आणि ते योग्यच आहे. पण सरकारचा निर्णय कसा होतो हे समजून घ्यायचं असेल तर मला सप्टेंबर जास्त महत्त्वाचा वाटतो. मार्चमध्ये विषाणू नवा होता, चाचण्या नव्हत्या, आणि रोग देशात किती पसरलाय हेच कळत नव्हतं. सप्टेंबरात यातली एकही सबब उरली नव्हती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय नमुना पाहणीतून दर आठवड्याला संसर्गाचं प्रमाण सांगत होतं. रुग्णालयांचे आकडे रोज टेबलावर येत होते. आणि टेबलाभोवतीची माणसं सहा महिन्यांपूर्वीच यातून होरपळून निघाली होती.

दुपटीचं गणित

त्याच सोमवारी सकाळी मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स आणि इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी टीव्हीवर आले. शेजारी पंतप्रधान नव्हते, मंत्री नव्हते. त्यांनी एक आलेख दाखवला. रुग्णसंख्या दर सात दिवसांनी दुप्पट होत राहिली तर ऑक्टोबरच्या मध्यावर रोजचे ५०,००० रुग्ण, आणि त्यातून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रोजचे २०० हून अधिक मृत्यू. हे भाकीत नाही, असं व्हॅलन्स यांनी स्पष्टच सांगितलं होतं.

वर्तमानपत्रांतल्या टीकाकारांनी पुढे तीन आठवडे या आलेखाची सालटी काढली. १३ ऑक्टोबर उजाडला तेव्हा नोंदलेले रुग्ण ५०,००० च्या जवळपासही नव्हते, म्हणून ‘शास्त्रज्ञ घाबरवतात’ हे वाक्य संसदेच्या मागच्या बाकांवरून पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागलं. मृत्यूंच्या आकड्याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. २० ऑक्टोबरला एका दिवसात २४१ मृत्यू नोंदले गेले. ज्या २०० च्या रेषेला देश नोव्हेंबरच्या मध्याला पोहोचेल असं आलेख सांगत होता, ती जवळजवळ चार आठवडे आधीच ओलांडली गेली होती. २७ ऑक्टोबरला हाच आकडा ३६७ झाला.

घातांकाने वाढणाऱ्या गोष्टीची खोड अशी की कृती करण्याची योग्य वेळ ही नेहमी आकडे लहान दिसण्याची वेळ असते. आज जे रुग्णालयात आलेत ते दोन आठवड्यांपूर्वी बाधित झालेले असतात, आणि आज जे बाधित होतायत ते अजून दिसतच नाहीत. जॉन्सन यांना हे कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. २२ सप्टेंबरच्या टीव्हीवरच्या भाषणात त्यांनी स्वतःच भूमितीय श्रेणीच्या पोलादी नियमाची आठवण करून दिली होती, आणि त्याच दिवशी संसदेत वेळीच घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो ही इंग्रजीतली म्हण ऐकवली होती. त्याच भाषणात जाहीर झालेले उपाय मात्र असे: पब आणि रेस्टॉरंट रात्री दहाला बंद, जमेल त्यांनी घरून काम, लग्नाला जास्तीत जास्त १५ माणसं, मास्कचा दंड दुप्पट.

रविवारची बैठक

निर्णय त्याआधीच वळला होता. २० सप्टेंबरच्या रविवारी जॉन्सन आणि अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी झूमवर चार-पाच तज्ज्ञांचं म्हणणं ऐकलं. सरसकट लॉकडाऊनच्या विरोधातले ऑक्सफर्डच्या सुनेत्रा गुप्ता, कार्ल हेनेगन आणि स्वीडनचे आंदेर्स टेगनेल, आणि कडक उपाय ताबडतोब करा म्हणणारे लंडन स्कूल ऑफ हायजीनचे जॉन एडमंड्स त्यात होते. पंतप्रधानाने वेगळ्या मताची माणसं बोलावली यात काहीच वावगं नाही, उलट त्यांनी ती बोलवायलाच हवीत. पण वेगवेगळी मतं ऐकल्यावर त्यांचं वजन कुणी करायचं, कोणत्या पुराव्यावर करायचं, याची काही पद्धत असावी लागते. इथे ती नव्हती. आधीच मनाविरुद्धच्या निर्णयाकडे ढकलल्या जाणाऱ्या माणसाला ‘थोडं थांबून बघू’ म्हणायला प्रतिष्ठित आवाजांचा आधार मिळाला, इतकंच त्या संध्याकाळी घडलं असं मला वाटतं.

माझ्या मते दोष रचनेत होता. सेजने विज्ञानापुरतंच बोलायचं, अर्थव्यवस्थेबद्दल नाही, हे आधीपासून ठरलेलं होतं. लॉकडाऊनने किती नोकऱ्या जातील, तिजोरीवर किती बोजा पडेल याचा हिशेब अर्थखातं आपल्या चार भिंतींत करत होतं, आणि सेजची इतिवृत्तं उशिरा का होईना प्रसिद्ध होत असताना अर्थखात्याचं तसलं काहीच लोकांसमोर येत नव्हतं. म्हणजे एका कागदावर मृत्यू, दुसऱ्या कागदावर पौंड, आणि दोन्ही एकत्र वाचून ‘आज दोन आठवडे बंद ठेवण्याची किंमत इतकी, महिनाभर थांबून मग चार आठवडे बंद ठेवण्याची किंमत इतकी’ असं मांडणारा तिसरा कागद कुणाच्याच टेबलावर नाही. मंत्र्यांसमोर प्रश्न येत होता तो लॉकडाऊन हवा की नको असा. तो तसा विचारला की उत्तर ‘नको’ असंच येणार. खरी निवड आत्ताचा छोटा लॉकडाऊन आणि पुढचा मोठा लॉकडाऊन यांतली होती.

अर्थखात्याची घाईही समजून घ्यायला हवी. ऑगस्टभर सोमवार ते बुधवार हॉटेलच्या बिलात माणशी दहा पौंडांपर्यंत निम्मी सूट देणारी सुनक यांची योजना चालली. सोळा कोटींहून जास्त जेवणांवर ती सूट घेतली गेली आणि सरकारचे ८४.९ कोटी पौंड खर्च झाले. लोकांनी बाहेर पडावं म्हणून इतका पैसा ओतल्यावर पुढच्याच महिन्यात घरी बसा म्हणणं राजकीयदृष्ट्या जड होतं. शिवाय बंद पडलेल्या उद्योगांतल्या नोकरदारांचा ८० टक्के पगार भरणारी फर्लो योजना ३१ ऑक्टोबरला संपणार होती. २४ सप्टेंबरला सुनक यांनी तिच्या जागी कमी खर्चाची नवी योजना जाहीर केली. घरी बसवायचं तर पगार द्यावा लागतो, आणि पगार थांबवायची तारीख सरकारने आधीच ठरवून टाकली होती.

हरवलेले १५,८४१ रुग्ण

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक गोष्ट घडली. ती लहान वाटते, पण मला ती टाळता येत नाही. खासगी प्रयोगशाळांकडून येणारे चाचण्यांचे निकाल पब्लिक हेल्थ इंग्लंड ही सरकारी आरोग्यसंस्था एका जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओढून घेत असे. त्या फाइलला साधारण ६५,००० ओळींची मर्यादा, आणि एकेका रुग्णासाठी अनेक ओळी लागत. त्यामुळे एका फाइलमध्ये चौदाशेच्या आसपास रुग्ण मावत आणि त्यापुढचे गुपचूप गळून पडत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित असे अधिकृत आकड्यांतून गायब झाले. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात कोण आलं हे शोधणाऱ्यांपर्यंत त्यांची नावं काही दिवस पोहोचलीच नाहीत.

दुपटीचा वेग मोजण्याचे जे नेमके दिवस होते, त्याच दिवसांत आलेख आहे त्यापेक्षा सपाट दिसत होता. ‘टेस्ट अँड ट्रेस’ या चाचणी आणि संपर्कशोधाच्या सरकारी यंत्रणेचा संसर्गावर जेमतेमच परिणाम होतोय, असं सेजने २१ सप्टेंबरलाच लिहून ठेवलं होतं. लॉकडाऊन टाळण्याचं सगळं धोरण ज्या यंत्रणेच्या खांद्यावर होतं, तिचे खांदे असे होते.

तीन टियर आणि मँचेस्टर

१२ ऑक्टोबरला सरकारने इंग्लंडची तीन टियरमध्ये विभागणी जाहीर केली: मध्यम, जास्त आणि अतिजास्त धोका. लिव्हरपूल परिसर पहिल्याच दिवशी सगळ्यांत वरच्या टियरमध्ये गेला. पत्रकार परिषदेत पंतप्रधानांच्या शेजारी उभे राहून व्हिटी यांनी सांगितलं की तिसऱ्या टियरचे किमान निर्बंध रोग आटोक्यात आणायला पुरेसे ठरतील याची आपल्याला खात्री नाही. सरकारचा सर्वोच्च डॉक्टर सरकारचीच योजना जाहीर होत असताना हे कॅमेऱ्यासमोर म्हणतो, हे आजही वाचताना अंगावर येतं. त्याच रात्री, परिषद उरकल्यावर, सेजचं २१ सप्टेंबरचं इतिवृत्त प्रसिद्ध झालं आणि सरकारने तीन आठवडे कोणता सल्ला बाजूला ठेवला होता हे देशाला कळलं. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांनी दोन-तीन आठवड्यांच्या सर्किट ब्रेकरची उघड मागणी केली. त्या क्षणापासून तो उपाय विरोधकांचा झाला, आणि जॉन्सन यांना तो स्वीकारणं आणखीच अवघड होऊन बसलं.

स्थानिक निर्बंध पुरतात का, याचं उत्तर खरं तर लेस्टरकडे होतं. भारतीय वंशाची मोठी वस्ती असलेल्या या शहरावर जूनच्या अखेरीपासून कोणते ना कोणते निर्बंध होतेच. तिथल्या दुकानदाराला टियर ही काही नवी कल्पना नव्हती. लावलेले निर्बंध उठवण्याइतका संसर्ग खाली जात नाही, हे त्याने चार महिने पाहिलं होतं.

मग मँचेस्टर. ग्रेटर मँचेस्टरची वस्ती अठ्ठावीस लाखांची, आणि महापौर अँडी बर्नहॅम यांनी वरच्या टियरला ठाम नकार दिला होता. त्यांचा मुद्दा साधा होता: पब आणि जिम बंद केले की तिथे भांडी घासणाऱ्या, दारं सांभाळणाऱ्या माणसाला नव्या योजनेत ६७ टक्केच पगार मिळणार, मार्चमध्ये मात्र सगळ्या देशाला ८० टक्के मिळत होता. भाडं काही ६७ टक्क्यांवर येत नाही. वाटाघाटी नऊ कोटी पौंडांपासून सुरू झाल्या आणि साडेसहा कोटींपर्यंत खाली आल्या. सरकार सहा कोटींवर अडलं. २० ऑक्टोबरला पन्नास लाखांच्या फरकावर बोलणी तुटली.

त्या दुपारी बर्नहॅम शहरातल्या ब्रिजवॉटर हॉलबाहेर उघड्यावर पत्रकारांशी बोलत होते. कोट, चष्मा, समोर मायक्रोफोन. बोलता बोलता शेजारच्या सहकाऱ्याने त्यांच्यासमोर मोबाइल धरला. त्यावर बातमी होती की मँचेस्टर सक्तीने तिसऱ्या टियरमध्ये जाणार आणि मिळणार फक्त २.२ कोटी. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि हा क्रूरपणा आहे असं म्हणाले. संकटात देश चालवायची ही रीत नव्हे, असंही म्हणाले. अठ्ठावीस लाखांच्या लोकप्रतिनिधीला आपल्या भागाचा निर्णय पत्रकारांच्या गराड्यात दुसऱ्याच्या फोनवर कळला. सहा कोटींचा प्रस्ताव अजून खुला आहे असं सरकारने नंतर सांगितलं, पण बूंद से गई ती हौद से येत नाही. साथीच्या निर्बंधांचा पाया लोकांचा विश्वास असतो. उत्तर इंग्लंडमध्ये तो पाया त्या आठवड्यात घासाघीस करून पोखरला गेला. अकरा दिवसांनी दक्षिणेसकट सगळ्या इंग्लंडला लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा ८० टक्के पगार लगेच परत आला. मँचेस्टरच्या लोकांनी त्याचा काय अर्थ लावला असेल ते सांगायला नको.

आतल्या खोलीत

पंतप्रधानांच्या घरात त्या दिवसांत काय चाललं होतं हे नंतर कागदपत्रांतून उघड झालं. १५ ऑक्टोबरच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात जॉन्सन यांनी लिहिलं होतं की मरणाऱ्यांचं सरासरी वय ऐंशीच्या वर आहे, आणि आरोग्यसेवा कोलमडेल हे आपल्याला आता पटत नाही. २५ ऑक्टोबरला व्हॅलन्स यांनी आपल्या डायरीत नोंद केली की पंतप्रधान रोग पसरू द्यावा, बळी जातील तर जातील, त्या लोकांनी चांगलं आयुष्य जगून घेतलंय अशा अर्थाचं बोलू लागलेत. कॅबिनेट सचिव सायमन केस यांनी त्या शरद ऋतूत सहकाऱ्यांना वैतागून लिहिलं होतं की हा माणूस रोज दिशा बदलतो, असं नेतृत्व करता येत नाही.

या उताऱ्यांतल्या निर्दयतेवर वर्तमानपत्रं तुटून पडली. ते स्वाभाविक आहे, आणि ज्यांचे आईवडील त्या हिवाळ्यात गेले त्यांनी ही वाक्यं कशी वाचली असतील याचा विचार करवत नाही. पण निर्णयाच्या अंगाने मला जास्त गंभीर वाटतं ते डळमळणं. ‘रोग पसरू द्यायचा’ हेही सरकारने धोरण म्हणून कधी ठरवलं नाही, आणि ‘रोखायचा’ हेही मनापासून ठरवलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशा अवस्थेत रोज नवा तोडगा निघत गेला. रात्री दहाची वेळ, जास्तीत जास्त सहा माणसांनी एकत्र जमण्याचा नियम, तीन टियर: एक ना धड, भाराभर चिंध्या. प्रत्येक निर्बंधाची किंमत हॉटेलवाल्यांनी आणि नोकरदारांनी मोजली. संसर्ग मात्र उलटा फिरेल इतका कडकपणा त्यांपैकी एकातही नव्हता.

शनिवारची संध्याकाळ

३० ऑक्टोबरच्या शुक्रवारी रात्री बातमी फुटली की सरकार लॉकडाऊनच्या तयारीत आहे. घोषणा सोमवारी करायचा बेत होता, तो गुंडाळावा लागला. शनिवारी चार वाजताची पत्रकार परिषद पुढे ढकलत ढकलत सुरू व्हायला सात वाजत आले. त्याच दिवशी देशातल्या एकूण नोंदलेल्या रुग्णांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला होता. ५ नोव्हेंबर ते २ डिसेंबर लॉकडाऊन, शाळा चालू. फर्लो योजना संपायला काही तास उरले असताना तिला मुदतवाढ मिळाली. तोवर कित्येक मालकांनी माणसं कमी केली होती.

त्या घाईत आणखी एक चूक झाली. रोज ४,००० मृत्यूंची शक्यता दाखवणारा जो आलेख पडद्यावर आला तो आधीच जुना झालेल्या गृहीतकांवर बेतलेला होता. सांख्यिकी प्राधिकरणाने पारदर्शकतेवरून जाहीर कानउघाडणी केली. लॉकडाऊन गरजेचाच होता, पण त्याच्या समर्थनाला चुकीचा कागद वापरून सरकारने टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत दिलं. ४ नोव्हेंबरला संसदेत ठराव ५१६ विरुद्ध ३८ मतांनी मंजूर झाला. १४ नोव्हेंबरची दिवाळी ब्रिटनमधल्या मराठी घरांनी एकमेकांकडे फराळाला न जाता साजरी केली.

दोन आठवड्यांनी काय साधलं असतं?

सर्किट ब्रेकरच्या विरोधातला युक्तिवाद पोकळ नव्हता. दोन आठवड्यांनी रोग जात नाही, फक्त वेळ मिळतो. पुन्हा उघडलं की पुन्हा वाढ. वेल्सचं उदाहरण यासाठी हमखास दिलं जातं. तिथे मार्क ड्रेकफर्ड यांच्या सरकारने २३ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर असा लॉकडाऊन केला, संसर्ग खाली आला, आणि डिसेंबरात वेल्सची अवस्था इतकी बिकट झाली की ख्रिसमसआधीच पुन्हा सगळं बंद करावं लागलं.

पण वेल्सने ते पाऊल सेजच्या सल्ल्यानंतर महिन्याने उचललं आणि उघडताना फार भरभर उघडलं. कोविडकाळातल्या सरकारी कारभाराची चौकशी करणाऱ्या बॅरोनेस हॅलेट यांच्या आयोगाने नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात हेच म्हटलंय. इंग्लंडबद्दल आयोगाचा निष्कर्ष असा की सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सर्किट ब्रेकर झाला असता तर नोव्हेंबरचा लॉकडाऊन छोटा झाला असता, कदाचित लागलाही नसता.

आणि मिळालेल्या वेळाची किंमत त्या शरद ऋतूत इतर कधीहीपेक्षा जास्त होती. जुलैपर्यंतच ब्रिटनने फायझरच्या लशीचे तीन कोटी डोस राखून ठेवले होते, आणि ऑक्सफर्डच्या लशीचे दहा कोटी. तीच लस पुढे पुण्यात बनून आपल्याकडे कोव्हिशील्ड म्हणून आली. सप्टेंबरात लशीच्या यशाची खात्री कुणालाच नव्हती हे मान्य. पण ज्या सरकारने तिच्यावर एवढा पैसा लावला होता त्याने आपल्या निर्णयांत तिची शक्यता मोजायलाच हवी होती. ९ नोव्हेंबरला फायझरचे निकाल आले आणि ८ डिसेंबरला कॉव्हेंट्रीत पहिली लस टोचली गेली. लस इतकी जवळ असताना दर आठवड्याच्या उशिराने ज्यांचा बळी घेतला, त्यांतले कितीतरी जण फक्त तीन-चार महिने तग धरते तर वाचले असते. या प्रकरणातली ही बाब मला सगळ्यांत जास्त बोचते.

सगळंच या चित्रात नीट बसत नाही, हेही सांगायला हवं. विषाणूच्या ज्या अल्फा प्रकाराने हिवाळ्यात कहर केला त्याचे सर्वांत जुने नमुने २० आणि २१ सप्टेंबरचे, केंट आणि लंडनमधले. म्हणजे सेज सल्ला देत होती त्याच दिवसांत तो देशात होता, आणि नोव्हेंबरच्या लॉकडाऊनमध्येही केंटमधला संसर्ग वाढतच राहिला. वेळेवर सर्किट ब्रेकर करूनही अल्फा थांबला नसता. पण तो कमी रुग्ण असलेल्या, श्वास घ्यायला जागा असलेल्या रुग्णालयांवर येऊन आदळला असता. ३१ ऑक्टोबरला ब्रिटनची मृत्युसंख्या साडेशेचाळीस हजारांच्या आसपास होती. २६ जानेवारीला ती एक लाखावर गेली.

आणि मधल्या काळात निर्णयाची पद्धत तसूभरही बदलली नाही. २ डिसेंबरला लॉकडाऊन उठवून पुन्हा टियर आणले. ख्रिसमसला पाच दिवस कुटुंबांना भेटता येईल असं वचन दिलं, आणि १९ डिसेंबरला, लोकांनी तिकिटं काढल्यावर, सामान भरल्यावर, लंडन आणि आग्नेय इंग्लंडसाठी ते मागे घेतलं. ३ जानेवारीच्या रविवारी सकाळी जॉन्सन यांनी टीव्हीवर पालकांना सांगितलं की शाळा सुरक्षित आहेत, मुलांना पाठवा. सोमवारी अनेक प्राथमिक शाळा उघडल्या, मुलं सुट्टीनंतर वर्गात एकत्र बसली, आणि त्याच रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी तिसरा लॉकडाऊन जाहीर करून दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद केल्या.